पैशासाठी खेळलं तर बिघडलं कुठे?

पातळी ४ : मत मांडणारा लेख

वाचण्याआधी : तुमच्या घरी कोणत्या खेळाची लीग बघतात? सामना चालू असताना घरातली मोठी माणसं खेळाडूंच्या पैशाबद्दल काय बोलतात? ते वाक्य आठवा, वहीत लिहा आणि मग हा लेख वाचा.

१. घरोघरचं एक वाक्य

जेद्दाह, रियाध, दम्माम, जुबैल. सौदी अरेबियातल्या या शहरांत आपली बरीच मराठी माणसं राहतात. कुणी पुण्या-मुंबईहून आलेलं, कुणाचं गाव रत्नागिरी नाहीतर रायगड जिल्ह्यात. कुणी इंजिनीअर, कुणी नर्स, कुणी ड्रायव्हर. घरं वेगवेगळी, पण टीव्हीवर लीगचा सामना लागला की एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं.

"छे! हे काय खेळणार? पैशासाठी खेळतात सगळे!"

हे वाक्य रोनाल्डोबद्दल येतं, आयपीएलबद्दल येतं, अगदी कबड्डीबद्दलसुद्धा येतं. बोलणाऱ्याला वाटतं की पैसा आला म्हणजे खेळातला जीव गेला.

मला हे पटत नाही. गंमत बघा, हे वाक्य बोलणारे आपण सगळेच इथे कशासाठी आलो? पगारासाठीच ना? घर सोडलं, आईवडिलांना मागे ठेवलं आणि चांगल्या पगाराच्या नोकरीसाठी समुद्र ओलांडला. त्यात लाज वाटावी असं काही नाही. मग पायात बूट घालून मैदानावर उतरणाऱ्यानं पगार घेतला तर बिघडलं कुठे?

माझं म्हणणं असं : पैशासाठी खेळणं वाईट नाही. पण लीगमध्ये आलेला पैसा कुणापर्यंत पोहोचतो आणि त्यामुळे मैदानावर कुणाला जागा मिळते, हे मात्र विचारायलाच हवं. चांगली लीग आणि नुसती श्रीमंत लीग यांतला फरक तिथेच कळतो.

२. खाड्याची गोष्ट

आधी थोडं मागे जाऊ. 'रग्बी लीग' हा खेळ तुमच्यापैकी ऑस्ट्रेलियात किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मुलांना माहीत असेल. तो मुळात वेगळा खेळ नव्हताच. रग्बी एकच होती. तिचे दोन तुकडे झाले, आणि ते झाले मजुरीवरून.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उत्तर इंग्लंडमध्ये कापडाच्या गिरण्या होत्या, कोळशाच्या खाणी होत्या. तिथले कामगार रग्बी फार छान खेळायचे. पण सामन्यासाठी कामावरून सुट्टी घेतली की त्या दिवसाची मजुरी बुडायची. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे : खाडा. एक दिवस खाडा झाला की तेवढा पगार कापला.

उत्तरेकडचे क्लब म्हणाले, "खेळाडूंचा खाडा आम्ही भरून देतो." रग्बीच्या मोठ्या संघटनेनं १८९३ मध्ये साफ नकार दिला. खेळ हौसेनं खेळायचा, पैसे घ्यायचे नाहीत, असा त्यांचा नियम होता.

ऐकायला किती छान वाटतं, नाही? पण ज्याच्या घरी पैसा आहे त्याला हौस परवडते. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्यानं काय करायचं? "हौसेला मोल नाही" असं आपण म्हणतो. पण ते मोल कुणीतरी देतच असतं. इथे ते गिरणीकामगार देत होता.

शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावातल्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि त्यांनी आपली वेगळी संघटना काढली. खाडा भरून द्यायचा, पण दिवसाला ६ शिलिंगपेक्षा जास्त नाही, असं ठरलं. पहिल्याच हंगामात २२ क्लब उतरले. प्रत्येक क्लब ४२ सामने खेळला, आणि ब्रॅडफर्डचा मॅनिंगहॅम क्लब पहिला आला. पुढे १९०६ मध्ये एका बाजूचे खेळाडू १५ वरून १३ झाले आणि खेळाचं रूपच बदललं. आजची रग्बी लीग ती हीच.

म्हणजे या लीगचा जन्म हावेतून झाला नाही. कामगाराला पोट सांभाळून खेळता यावं म्हणून ती जन्माला आली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पण गोष्टीला दुसरी बाजूही आहे. पहिला हंगाम जिंकणारा तो मॅनिंगहॅम क्लब पैशाच्या अडचणीत सापडला आणि १९०३ मध्ये रग्बी सोडून फुटबॉलकडे वळला. तोच आजचा ब्रॅडफर्ड सिटी क्लब. पैशाच्या ओढीनं अख्खा क्लब खेळ बदलतो, हेही तेव्हापासून चालत आलेलं आहे.

३. गिरणगाव ते लीग

आता आपल्याकडे या. मुंबईत लालबाग-परळच्या गिरणगावात कामगारांची कबड्डी होती. गिरण्या तिथेही, गिरण्या इथेही! चाळीजवळच्या मैदानात, मातीवर, दिव्यांच्या उजेडात सामने रंगायचे. चांगला खेळाडू असला की त्याला रेल्वेत, पोलिसात, बँकेत नोकरी मिळायची. खेळ संध्याकाळी, पोट नोकरीवर. नोकरी नाही मिळाली तर? तर लग्न झाल्यावर, घरची जबाबदारी आल्यावर कबड्डी सुटायची. किती चांगले खेळाडू असे घरी बसले, त्याचा हिशोब कुणीच ठेवला नाही.

२६ जुलै २०१४ रोजी मुंबईत वरळीला प्रो कबड्डी लीग सुरू झाली. पहिल्या लिलावात सगळ्यांत महाग खेळाडू होता राकेश कुमार. त्याची किंमत १२ लाख ८० हजार रुपये. पाच वर्षांनी, २०१९ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईला तेलुगू टायटन्सनं १ कोटी ४५ लाखांना घेतलं. आणि १ मार्च २०२४ रोजी नगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या कप्तानीखाली पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा लीग जिंकली.

काही आजोबा म्हणतील, "आमच्या वेळची मजा नाही राहिली. माती गेली, मॅट आली. टीव्हीच्या वेळेप्रमाणे खेळ चालतो." आजोबा, तुमचं खरं आहे. मातीचा वास टीव्हीतून येत नाही. पण चंदगडचा मुलगा आज घरी छाती पुढे काढून सांगू शकतो, "मी कबड्डी खेळतो, हेच माझं काम आहे." माझ्या मते मातीच्या वासापेक्षा हे मोठं आहे.

४. रियाधचा एक हंगाम

मग सौदीतल्या लीगचं काय? एक हंगाम नीट बघू या. २०२३-२४ चा.

त्याआधी, ३० डिसेंबर २०२२ ला रोनाल्डो रियाधच्या अल-नस्र क्लबात आला. जून २०२३ मध्ये सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीनं चार मोठ्या क्लबांचा ७५ टक्के हिस्सा घेतला : अल-हिलाल, अल-नस्र, अल-इत्तिहाद आणि अल-अहली. त्या उन्हाळ्यात बेंझेमा, नेमार, माहरेझ, फर्मिनो असे एकेक तारे आले.

लीगमध्ये एकूण १८ क्लब. प्रत्येकाचे ३४ सामने. अल-हिलाल त्यांतले ३१ जिंकला, ३ बरोबरीत सुटले, हरला एकही नाही. एकूण ९६ गुण. सगळ्या स्पर्धा धरून तर त्यानं ओळीनं ३४ सामने जिंकले, आणि तो जगातला विक्रम झाला. रोनाल्डोनं ३५ गोल केले. तोही या लीगमधला विक्रम. तरी त्याचा अल-नस्र ८२ गुणांवर, म्हणजे १४ गुण मागे, दुसरा! आदल्या वर्षी जिंकलेला अल-इत्तिहाद थेट पाचवा. आणि नेमार? ऑक्टोबरमध्ये ब्राझीलकडून खेळताना त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि तो हंगामभर बाहेर बसला.

बघायला मजा आली का? आली. पण इथे आपला प्रश्न विचारायचा : पैसा कुणापर्यंत पोहोचला? १८ क्लबांपैकी चार क्लबांकडे सरकारी निधीची ताकद. उरलेल्या १४ क्लबांनी काय करायचं? शर्यतीत चार जण मोटारीतून आणि बाकीचे सायकलवर, अशातला हा प्रकार. मोटारवाला जिंकला याचं कौतुक तरी किती करायचं?

५. सौदी मुलगा कुठे खेळणार?

दुसरा प्रश्न मैदानावरच्या जागेचा.

२२ नोव्हेंबर २०२२ आठवतं? कतारमधल्या विश्वचषकात सौदी अरेबियानं मेस्सीच्या अर्जेंटिनाला २-१ असं हरवलं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या देशाला सुट्टी मिळाली. त्या संघातले सगळेच्या सगळे २६ खेळाडू सौदी लीगमध्येच खेळणारे होते. म्हणजे ही लीग रोनाल्डोच्या आधीही खेळाडू घडवत होती.

त्यानंतर काय झालं? २०२३-२४ मध्ये एका क्लबाला ८ परदेशी खेळाडू घेता येत होते. पुढच्या हंगामात ते १० झाले, त्यांतले दोन तरुण असायला हवेत असा नियम झाला. मैदानात एका वेळी उतरतात फक्त ११. गणित तुम्हीच करा. तेव्हाचे राष्ट्रीय प्रशिक्षक, इटलीचे मानचिनी, यांनी उघडपणे तक्रार केली की माझे सौदी खेळाडू क्लबात बाकावर बसून असतात.

याला उत्तर देणारेही आहेत. ते म्हणतात, "मोठ्या खेळाडूंबरोबर सराव केला की आपली मुलंही तयार होतात." यात तथ्य आहे. अल-हिलालचा सौद अब्दुलहमीद २०२४ मध्ये इटलीच्या रोमा क्लबात गेला. जून २०२५ च्या अखेरीस अमेरिकेतल्या क्लब विश्वचषकात अल-हिलालनं मँचेस्टर सिटीला ४-३ असं हरवलं, तेव्हा सगळं जग बघत राहिलं.

तरी माझं मत असं की बाकावर बसून शिकण्याला मर्यादा असते. पोहायला शिकायचं तर पाण्यात उतरावंच लागतं. काठावर बसून दुसऱ्याचे हात-पाय कसे हलतात ते बघून कुणी पोहायला शिकलेलं मी तरी पाहिलं नाही.

६. मुलींचं काय?

सौदीला नावं ठेवणं सोपं आहे, म्हणून इथे थोडं थांबा.

१२ जानेवारी २०१८ पर्यंत सौदी अरेबियात बायका-मुलींना लीगचा सामना बघायला स्टेडियममध्ये जाता येत नव्हतं. त्या दिवशी जेद्दाहमध्ये अल-अहली आणि अल-बातिन यांचा सामना होता, आणि कुटुंबांसाठी राखलेल्या भागात त्या पहिल्यांदा बसल्या. चारच वर्षांनी, २०२२ मध्ये, मुलींची प्रीमियर लीग सुरू झाली. चार वर्षांपूर्वी जिला आत सोडत नव्हते, ती आता मैदानात उतरून गोल मारते! पैसा आणि इच्छा एकत्र आली तर काय होतं ते यातून दिसतं.

आता आपल्या कबड्डीकडे बघा. मुंबईची अभिलाषा म्हात्रे २०१४ मध्ये आशियाई खेळांत सोनं जिंकणाऱ्या भारतीय संघात होती. २०१५ चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. पण पुरुषांची लीग दहा वर्षांहून जास्त चालली, कोटींच्या बोली लागल्या, आणि मुलींना काय मिळालं? २०१६ मध्ये फक्त तीन संघांची छोटीशी स्पर्धा. पुढच्या वर्षी तीही नाही. हे मला खटकतं, आणि मराठी माणूस म्हणून जास्त खटकतं. कारण कबड्डी आपण आपली म्हणतो. "आपली" म्हणायचं आणि अर्ध्या घराला बाहेर ठेवायचं, हे बरं नाही.

७. जेद्दाहचा लिलाव

२४ आणि २५ नोव्हेंबर २०२४. आयपीएलचा मोठा लिलाव जेद्दाहमध्ये झाला. क्रिकेट भारताचं, पैसे भारताचे, हॉल सौदीचा. ऋषभ पंत २७ कोटी, श्रेयस अय्यर २६ कोटी ७५ लाख. १३ वर्षांच्या वैभव सूर्यवंशीला राजस्थान रॉयल्सनं १ कोटी १० लाखांना घेतलं.

'लिलाव' हा शब्द आपण एरवी कुठे ऐकतो? लासलगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव होतो. म्हणून माणसाचा लिलाव म्हटलं की कानाला टोचतं. काहींना त्यात अपमान वाटतो. मला तितकासा वाटत नाही, कारण खेळाडू आपलं नाव स्वतः देतो आणि कमीत कमी किंमतही स्वतःच निवडतो. कांद्याला कुणी विचारत नाही!

मला वेगळीच गोष्ट दिसते. यादीत पावणेसहाशेच्या आसपास नावं होती. घेतले गेले १८२. बाकीचे तितकीच वर्षं घाम गाळून आलेले होते. दुसऱ्या दिवशी फोटो मात्र २७ कोटींचाच. म्हणून मी म्हणतो, लीग चांगली की वाईट हे सगळ्यांत महाग खेळाडूवरून ठरवू नका. सगळ्यांत कमी पगाराच्या खेळाडूचं घर चालतं का, ते बघा. रग्बी लीग त्यासाठीच तर निघाली होती.

८. आणि स्टेडियम बांधणारा?

शेवटचा मुद्दा कुठल्याच गुणतक्त्यात नसतो.

११ डिसेंबर २०२४ रोजी ठरलं की २०३४ चा फुटबॉल विश्वचषक सौदी अरेबियात होणार. म्हणजे नवी स्टेडियम, नवे रस्ते, नवी हॉटेलं. ती कोण बांधणार? भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश इथून आलेले कामगार. इथे १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२ ते ३ उन्हात काम करायला कायद्यानं बंदी आहे. नियम चांगला आहे. पण सकाळी अकराचं ऊनही काही थंड नसतं, आणि पगार वेळेवर मिळणं, दमल्यावर नीट झोपायला जागा मिळणं, हे प्रश्न दुपारी तीननंतरही उरतात.

शुक्रवारी सकाळी लवकर बाहेर पडलात तर मोकळ्या जागेत हीच माणसं टेप लावलेल्या चेंडूनं क्रिकेट खेळताना दिसतील. आठवड्याची एकच सुट्टी, आणि ती ते खेळात घालवतात. तिथे लिलाव नाही, कॅमेरा नाही.

१८९५ मध्ये प्रश्न होता गिरणीकामगाराच्या खाड्याचा. आज खेळाडूच्या घामाला कोटींचा भाव मिळतो. ठीक आहे, मिळू दे. पण त्याच्यासाठी विटा रचणाऱ्या गवंड्याचा घामही त्याच हिशोबात धरला पाहिजे. तो धरला नाही, तर त्या लीगला मी मोठी म्हणणार नाही, मग तिथे कुणीही खेळो.

९. मग आपण काय करायचं?

टीव्ही बंद करा, असं मी मुळीच म्हणत नाही. उलट बघा, आणि जमलं तर स्टेडियममध्ये जाऊन बघा. ज्या शहरात तुम्ही वाढता, तिथल्या क्लबाला आपला म्हणा. रियाधमध्ये असाल तर अल-हिलाल की अल-नस्र यावर मित्रांशी भांडा. सिडनीत असाल तर तिथल्या रग्बी लीगच्या क्लबाचा स्कार्फ गळ्यात घाला, आणि पुणेरी पलटणही सोडू नका. एका माणसाच्या दोन टीम असू शकतात, जशी दोन घरं असतात.

फक्त पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "पैशासाठी खेळतात हे!", तर गप्प बसू नका. बाबांना विचारा, काकांना विचारा : पैसा कुणापर्यंत पोहोचला? गावातल्या मुलाला, आणि मुलीलाही, मैदान मिळालं का? ज्यांनी स्टेडियम बांधलं, त्यांचा पगार झाला का?

या प्रश्नांची उत्तरं "हो" असतील, तर पैशासाठी खेळणाऱ्याला मोकळ्या मनानं टाळ्या द्या. त्यानं कमावलेत ते पैसे.

शब्दार्थ
खाडा : कामावर न गेल्यामुळे बुडालेला दिवस आणि त्याची मजुरी.
हौस : आवडीनं, पैशाची अपेक्षा न ठेवता काही करण्याची इच्छा.
चूल पेटणे : घरात स्वयंपाक होणे, घरखर्च चालणे.
लिलाव : सगळ्यांसमोर बोली लावून केलेली विक्री.
हंगाम : खेळाचा किंवा पिकाचा ठरावीक काळ.
खटकणे : एखादी गोष्ट मनाला न पटणे, सतत टोचत राहणे.
तथ्य असणे : बोलण्यात खरेपणा असणे.
गवंडी : विटा रचून भिंत बांधणारा कारागीर.

विचार करा, बोला, लिहा
१. रग्बी लीग सुरू होण्याचं कारण तुमच्या शब्दांत चार वाक्यांत सांगा.
२. लेखकाला सौदी लीगमधली कोणती गोष्ट आवडली? कोणती आवडली नाही?
३. "बाकावर बसून शिकण्याला मर्यादा असते." हे तुम्हाला पटतं का? स्वतःचं एक उदाहरण द्या.
४. लेखात "केलं, आलं, म्हणालं" अशी बोलण्यातली रूपं आहेत. अशी पाच वाक्यं शोधा आणि "केले, आले, म्हणाले" अशा लेखी रूपांत पुन्हा लिहा.
५. लेखकाचं जे मत तुम्हाला पटलं नाही, त्याला १५० शब्दांत उत्तर लिहा. सुरुवात अशी करा : "मला हे पटत नाही, कारण..."